दोघांची फटफटी

साठी उलटलेल्या माणसानें तीर्थयात्रेच्या गोष्टी कराव्या, फटफटीच्या करूं नयेत, याविषयीं आमच्या घरांत पूर्ण एकमत होतें. चिरंजिवांचें मत पुण्याहून फोनवर आलें, धाकट्या बंधूंचें माजघरांतून, आणि मातोश्रींचें नेहमींप्रमाणें झोपाळ्यावरून. अठ्ठ्याऐंशी पावसाळे पाहिलेल्या त्या माउलीनें एवढेंच विचारलें, "पडलास तर उचलणार कोण?" या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळें मी गप्प राहिलों. म्हाताऱ्याला चळ लागला, असें वाचकांसही वाटेल. परंतु फटफटीची मागणी माझी नव्हतीच. ती आमच्या सौ.ची होती, आणि सात वर्षें दुचाकीच्या सावलीलाही उभी न राहिलेल्या बाईनें ती केली होती.

हें सात वर्षांचें व्रत कशामुळें घडलें, तें आधीं सांगितलें पाहिजे. २०१६ च्या आषाढांत एका परिचितांची जुनी मोटारसायकल मागून घेऊन आम्ही दोघें केळव्याच्या शीतलादेवीस निघालों होतों. वारा समुद्रावरचा, लुगडें नवें, आणि ती एका अंगास पाय सोडून बसलेली. माहीमच्या अलीकडे पदर मागच्या चाकांत गेला. त्या चाकाशेजारीं जी जाळी असावयास हवी ती परिचितांच्या मुलानें 'शोभत नाहीं' म्हणून काढून टाकलेली होती, आणि निघतांना तिकडे पाहण्याचें माझ्या मनांतही आलें नव्हतें. वेग बेताचा होता म्हणून खांद्याच्या हाडावर निभावलें. सहा आठवडे हात झोळींत होता. तिनें मला एका शब्दानेंही बोल लावला नाहीं. लावला असता तर बरें झालें असतें.

पुढें २०२३ सालीं तिच्या थोरल्या बहिणीस पक्षाघात झाला. त्या चिंचणीला असतात. पालघरहून बोईसर आगगाडीनें, तेथें स्थानकाबाहेर रिक्षा भरेपर्यंत थांबावयाचें, परततांना सर्व पुन्हां उलट क्रमानें. अर्ध्या तासाच्या भेटीस सारा दिवस जाई. एके रात्रीं परत आल्यावर चप्पल काढतां काढतांच ती म्हणाली, "अहो, गाडी घ्या. मी बसेन." मीं ऐकलें न ऐकलेंसें केलें. तिनें तें वाक्य पुन्हां उच्चारलें.

स्कूटर कां नको, असें पुष्कळांनीं विचारलें. बायकांना बसावयास ती सोयीची, हें खरें. परंतु तिचीं चाकें लहान. आमच्याकडे पावसाळा संपतां संपतां रस्त्यांना जे खड्डे पडतात त्यांत लहान चाक बुडतें. मोटारसायकलचें मोठें चाक तेंच वरून तरून जातें. शिवाय तरुणपणीं शाळेंत जाण्यायेण्यास मीं राजदूत वापरली होती, त्यामुळें हातापायांना त्याच रीतीची संवय. नवी कां नको, याचें उत्तर निवृत्तिवेतनांत होतें. आणि थोडें वयांतही. या वयांत वाहन चालविण्याचा परवाना सरकार पांच-पांच वर्षांपुरताच नवा करून देतें. माणसाचीच मुदत अशी तुकड्यातुकड्यांनीं मिळत असतां गाडी तेवढी कोरी कशाला?

अश्वपरीक्षेवर आपल्याकडे मोठें शास्त्र होतें. शालिहोत्र हें नांव त्याच विद्येचें झालें, आणि विराटाच्या घरीं नकुलानें त्याच विद्येवर वर्ष काढलें. जुनी फटफटी घेणें हें मला त्याच जातीचें काम वाटलें, आणि शास्त्र्याच्या घमेंडीनें मी बाहेर पडलों. वाघोबाच्या खिंडींत ती उतरली.

झालें असें कीं पुतण्याच्या मित्राची ३५० सी.सी.ची बुलेट विक्रीस होती. आवाज भारदस्त, बैठक ऐसपैस. मला ती पाहतांच पसंत पडली. पालघर-मनोर रस्त्यावर पुतण्यानें ती चालवून दाखवावी असें ठरलें आणि मी मागें बसलों. चाळीस वर्षांत मी कोणाच्याही मागें बसलेलों नव्हतों. खिंड सुरू झाली, आणि पुढें काय येत आहे हें मला दिसेना. दिसत होती ती केवळ पुतण्याची पाठ. वळण येई तें अचानक. ब्रेक लागे तोही अचानक, आणि मी त्याच्या अंगावर जाऊन आदळें. चढावर गाडी खेंचली कीं मागें कलें. चालविणाऱ्यास हातांत दांडा असतो, पायाखालीं ब्रेक असतो. मुख्य म्हणजे पुढच्या क्षणीं आपण काय करणार हें त्याला ठाऊक असतें. मागच्यापाशीं यांतलें कांहीं नाहीं. खड्ड्याचें तर विचारूंच नका. पुढचा माणूस दोन चाकांच्या मध्यें बसतो, त्यामुळें त्याचा धक्का वांटला जातो. मागचा जवळजवळ मागच्या आंसावरच बसतो, त्यामुळें त्याला तो सबंध मिळतो. वाघोबाच्या देवळापाशीं मीं थांबावयास सांगितलें. "काका, घाबरलांत कीं काय?" पुतण्यानें विचारलें. मी 'नाहीं' म्हणालों. तें खरें नव्हतें.

आमच्या संसाराला त्या वेळीं चाळीस वर्षें होत आलीं होतीं. ती माझ्यामागें बसत आली होती, आणि तिला काय दिसतें, तिनें काय धरावें, हा विचार मीं त्या दिवशीं प्रथम केला.

त्यानंतर मीं परीक्षेचा क्रमच बदलला. गाडी दिसली कीं आधीं मागें बसून पाहावयाचें. एका तरुणाची दोनशे सी.सी.ची चपळ गाडी होती. तिची मागची बैठक पुढच्यापेक्षां वीतभर उंच, पोळपाटाएवढी, आणि उतरती. पायटे इतके वर कीं गुडघे छातीशीं. ती एकट्याची गाडी होती. दुसरी बैठक नांवापुरती. बुलेटची बैठक उत्तम होती; पण तिचें वजन एकशें नव्वद किलोच्या आसपास. चालतांना जड गाडी हलकी होते. उभी असतां, त्यांत मागें माणूस चढत असतां, तिचा सारा भार चालविणाऱ्याच्या दोन पायांवर येतो. माझे पाय सहासष्ट वर्षांचे. शंभर सी.सी.ची स्प्लेंडर बुलेटहून कितीतरी हलकी, परंतु दोघांना घेऊन खिंड चढतांना तिचा जीव मेटाकुटीस येई आणि मागून ट्रकांचे भोंगे. तेव्हां सव्वाशें सी.सी.ची, सपाट, लांब आणि एकसंध बैठकीची गाडी घ्यावी, असें ठरलें.

मागें माणूस बसला म्हणजे गाडींत काय बदलतें, हें मला बोईसरच्या एका वृद्ध कारागिरानें समजावलें. भार मागें आणि वर सरकतो. पुढचें चाक हलकें पडून दांडा थोडा सैल वाटूं लागतो. मागच्या स्प्रिंगा दबून दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून त्या स्प्रिंगांना ताण कमीजास्त करण्याचे खांचे असतात. दोघांसाठीं ताण वाढवावयाचा, आणि मागच्या टायरांत हवाही जास्त भरावयाची. ती किती, हें पुष्कळ गाड्यांवर साखळीच्या झांकणाशीं चिकटविलेल्या पट्टीवर छापलेलें असतें. माझ्या ओळखीच्या दहा जणांना मीं विचारलें. एकानेंही ती पट्टी वाचलेली नव्हती. थांबावयास अंतर अधिक लागतें हें सांगावयास नकोच. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशें सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा झाला. पायानें मागचा ब्रेक दाबला कीं पुढचाही कांहीं अंशीं लागतो. त्यावरच्या गाड्यांना चाक जखडूं न देणारी एबीएसची योजना. यास्तव त्या तारखेपूर्वींची गाडी पाहावयाची नाहीं, असें ठरविलें.

बोईसरला जुन्या गाड्या मिळण्याचें एक कारण आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीजकेंद्र यांमुळें तेथें परगांवचे नोकरदार पुष्कळ. बदली झाली कीं सामान जातें आणि गाडी मागें राहते. मीं पंधरा दिवसांत नऊ गाड्या पाहिल्या. एका दलालाकडील गाडी आरशासारखी चकचकीत होती. तिच्या अंतरमापकानें अकरा हजार किलोमीटर दाखविले. परंतु पायट्यांचें रबर झिजून गुळगुळीत झालेलें, ब्रेकच्या पट्टीवरच्या रेघा पुसलेल्या. शाळामास्तरास मागाहून खाडाखोड केलेलें वय ओळखतां येतें. मीं नमस्कार केला आणि निघालों. दुसऱ्या एकानें मी पोचण्यापूर्वींच एंजिन तापवून ठेविलें होतें. थंड एंजिन एका दमांत सुरू होतें काय, आणि सुरू होतांना निळसर धूर येतो काय, म्हणजे वंगण जळतें काय, हें पाहूं न देण्याची ती युक्ति. तेव्हांपासून मी प्रथम एंजिनाला हात लावून पाहूं लागलों. सातपाटीकडच्या एका गाडीचे आरे आणि धुराड्याचें पोट खाऱ्या वाऱ्यानें खाल्लेलें होतें. विजेरी घेऊन टाकींत डोकावलों तों आंतही तांबेरा. समुद्रकांठच्या लोकांनीं हें अवश्य पाहावें. टायरच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुनें रबर कडक होऊन पावसांत घसरतें.

कागदपत्रांची कथा थोडक्यांत आटोपतों, कारण ती रुक्ष आहे. नोंदणीपुस्तकावरील चासी व एंजिन यांचे क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशीं स्वतः जुळवावे. बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा नमुना ३५ मागावा. हस्तांतराचे नमुने २९ आणि ३०. विमा आपल्या नांवें करून घ्यावयास विसरूं नये. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षें चालते.

अखेर जी गाडी घेतली ती २०१९ च्या उत्तरार्धांतली होंडा शाइन. तिचे मालक एका कारखान्यांत अभियंते. त्यांची गुजराथेंत बदली झालेली. या खेपेस मीं सौ.ला बरोबर नेलें. मी एंजिनाकडे वळलों, ती सरळ मागच्या चाकाशीं जाऊन वांकली. जाळी धरून तिनें दोनदां जोरानें हिसडली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागें बसणाऱ्यास धरावयास पक्का दांडा, पाय ठेवावयास पायटा, आणि कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाहीं इतकें चाक झांकणारें आच्छादन असावें, असें तो सांगतो. हा नियम मीं अलीकडेच शोधून वाचला होता. तिला तो वाचण्याची गरज नव्हती.

अभियंत्यांची आई दारांत उभी होती. सौ.नें तिला विचारलें, "तुम्ही कशा बसत होतां?"

"हा दांडा धरून," म्हातारी म्हणाली. "खांद्याला हात लावला कीं हा दचकतो."

मागच्या दांड्याचा रंग एका जागीं बोटांच्या रुंदीएवढा उडालेला होता, आणि मागच्या पायट्यांचें रबरही झिजलेलें होतें. मीं किंमतींत घासाघीस करावयाचें योजून गेलों होतों. दोन हजार कमी झाले, तेवढ्यावर थांबलों.

उरला प्रश्न पोशाखाचा. एका अंगास बसल्यानें तोल एकीकडे जातो आणि वळणावर गाडीबरोबर कलतां येत नाहीं. दोहींकडे पाय टाकून बसणें हेंच खरें. पण साठी ओलांडलेल्या सुनेनें पंजाबी पोशाख करावा काय? घरांत कुजबुज झाली. निकाल झोपाळ्यावरून आला. "माझ्या आईच्या नऊवारीला काष्टा होता, ती घोड्यावरही बसली असती. तुम्हीं पांचवारी आणलीत आणि बायकांना एका कुशीवर बसविलेंत. शिव गं सूनबाई." दोन जोड शिवले गेले. ओढणीचीं टोकें मागें गांठ मारून खोंचावयाचीं, ही सुधारणा सौ.ची स्वतःची. शिरस्त्राणें दोन घेतलीं. कायद्यानें तीं दोघांनाही लागतात, पण आमच्याकडे मागच्याचें डोकें बहुधा देवावर सोंपविलेलें आढळतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं तिला कैकेयीची आठवण दिली. दशरथाच्या रथाच्या कण्यांत तिनें हात घातला ही कथा मागाहूनच्या रामकथांतली. वाल्मीकींच्या मूळ ग्रंथांत ती मूर्च्छित राजाला रणांतून बाहेर काढते एवढेंच आहे. कसेंही असो, वर दोन मिळाले. सौ. म्हणाली, "मग माझेही दोन. चाळिसाच्या वर कांटा जाऊं द्यायचा नाहीं." आणि दुसरा? तो तिनें राखून ठेविला आहे.

पहिल्या गुरुवारीं सकाळीं सातला निघालों. ब्रेक लावण्यापूर्वीं मीं 'हळू' म्हणावयाचें, खड्डा दिसला तर 'खड्डा' म्हणावयाचें, असा करार होता. तिनें खांद्यावर एकदां थोपटलें तर वेग कमी, दोनदां थोपटलें तर थांबावयाचें. उमरोळीपर्यंत ती कांहीं बोलली नाहीं. बोईसरच्या पुढें एक मालगाडी वळण घेत होती तेथें खांद्यावर एकदां थाप पडली. वेग वीसच होता. तो मीं पंधरा केला.

चिंचणीला बहिणीच्या दारांत ती सावकाश उतरली, शिरस्त्राण काढून केस सारखे केले, जाळीकडे एकवार पाहिलें आणि म्हणाली, "येतांना ताईचीं धुवायचीं अंथरुणें न्यायचीं आहेत. तीं कुठें बांधणार?"

त्याचा विचार मीं केलेला नव्हता.