भायखळ्याचा बहावा

मराठीच्या प्राध्यापकाला वसंत ऋतू वर्षातून दोनदा भेटतो : एकदा अभ्यासक्रमात आणि एकदा प्रश्नपत्रिकेत. तिसऱ्यांदा तो रस्त्यावरही येत असावा, असा मला संशय होता. पण त्या सुमारास मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली असतो.

गेल्या चैत्रातली गोष्ट. सकाळी पायांत बूट चढवले आणि कॉलेजातली बैठक रद्द झाल्याचा निरोप आला. मुलांच्या परीक्षा आदल्याच दिवशी संपल्या होत्या. नऊ वाजेपर्यंत चिरंजीव आणि कन्या यांची दोन भांडणे होऊन तिसऱ्याची जुळवाजुळव चालली होती. सौ. बँकेत जाताना दारातच म्हणाली होती, “संध्याकाळी घर जागेवर असलं तरी पुष्कळ झालं.” तेव्हा, बूट चढवलेलेच आहेत, एवढ्याच कारणावरून मी जाहीर केले, “चला, राणीच्या बागेत.”

मुले चपला शोधू लागली. इतक्यात आतून आईचा आवाज आला, “मी येऊ का रे?”

वडील गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते. कोकणातले घर बंद करून आम्ही आईला दादरला आणले होते. ‘आणले’ हा शब्द मुद्दाम वापरतो. ती आली नव्हती. सात महिन्यांत ती तिसऱ्या मजल्यावरून दोनदा उतरली, दोन्ही वेळा डॉक्टरकडे जायला. बाकी वेळ गॅलरीतल्या खुर्चीत. तिला विचारायचे मला सुचलेच नव्हते, हे त्या क्षणी लक्षात आले, आणि बुटाची नाडी पुन्हा बांधण्यासाठी मी खाली वाकलो.

दादरहून धिमी गाडी पकडली. मुलांना गप्प बसवायचे म्हणून मी माझे हुकमी पान टाकले : मुंबईतल्या गावांची नावे. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची पोकळी. वडाळा वडांवरून. उमरखाडी उंबरावरून. परळ हे पाडळीच्या झाडावरून आले, असे काहींचे मत. आणि भायखळ्याची एक व्युत्पत्ती अशी, की भाया म्हणजे बहावा, त्याचे खळे ते भायाखळे.

“मग करी रोडला कढीलिंब होता?” चिरंजीवांनी विचारले.

ते एका रेल्वे अधिकाऱ्याचे नाव आहे हो, असे सांगेपर्यंत अर्धा डबा हसला होता. आई मात्र खिडकीबाहेर पाहत होती. चिंचपोकळी गेल्यावर म्हणाली, “चिंच काही दिसली नाही.” आणि थोड्या वेळाने, “तू बहावा पाहिलायस?”

मी म्हणालो, “पाहिला असेल.” वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाने द्यायचे हे उत्तर नव्हे.

बागेच्या फाटकावरच्या पाटीवरून कळले, की बाग बुधवारी बंद असते. तो गुरुवार होता. न ठरवता निघणाऱ्यांचा कुणीतरी कैवारी असतो म्हणायचा. ही बाग १८६२ मध्ये लेडी फ्रियर यांच्या हस्ते उघडली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण मुंबईकराच्या तोंडून राणी काही जायला तयार नाही. शेजारीच १८७२ साली उघडलेले संग्रहालय. त्याला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव मिळाले, आणि ते योग्यच झाले. त्याच्या उभारणीसाठी भाऊ दाजींनी आणि नाना शंकरशेटांनी पुष्कळ खटपट केली होती.

बाहेर काळ्या दगडाचा हत्ती आहे, त्याच्याशी मुले थबकली. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलतानाच तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये सांधून पुन्हा हत्ती झाला. “म्हणजे पडला म्हणून राहिला,” कन्या म्हणाली. आईने हत्तीच्या सोंडेकडे एकदा नीट पाहिले, पण बोलली नाही.

पुढे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड. हाच तो मूळचा काळा घोडा. १९६५ मध्ये फोर्टातून हलवून इकडे आणला. तिकडे २०१७ साली नवा घोडा बसवला, तो स्वाराशिवाय. त्यामुळे आज मुंबईत नाव एकीकडे आणि राजा दुसरीकडे, अशी विभागणी आहे.

चिरंजीवांना यातले काही नको होते. त्यांना पेंग्विन हवे होते. हम्बोल्ट जातीचे हे पाहुणे २०१६ मध्ये आले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना दर्शन देऊ लागले. रांगेत उभे राहून आम्ही त्या गार दालनात शिरलो. जाड काचेमागे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे ते रहिवासी डुंबत होते. चिरंजीव काचेला नाक लावून उभे राहिले. आईने पदर अंगाभोवती ओढून घेतला. “यांना बाहेर चैत्र आहे, हे कळतंय का रे?” तिने विचारले. मला वाटते, तिला गॅलरीतली खुर्ची आठवली असावी. मला तरी आठवली.

बाहेर आलो आणि तिथून पुढे सारी सूत्रे आईच्या हाती गेली.

या बागेत २८६ जातींची तीन हजारांवर झाडे मोजली गेली आहेत. २००७ नंतर बागेचा कायापालट करण्याची योजना निघाली, तेव्हा या झाडांसाठी काही मुंबईकर, त्यांत बायका पुढे, कंबर कसून उभ्या राहिल्या होत्या. पिंजऱ्यांकडे धावताना आपण या झाडांच्या सावलीतूनच जातो आणि सावली कुणाची, हे विचारत नाही. आई विचारत होती. केशरी-तांबड्या झुबक्यांनी भरलेल्या एका बेताच्या उंचीच्या झाडाशी ती थांबली.

“अशोक,” ती म्हणाली.

“आजी, अशोक आपल्या सोसायटीत आहे. उंच असतो तो,” कन्या म्हणाली. मीही तेच म्हणणार होतो.

“तो कसला अशोक! तो आसुपालव. अशोक हा. सीतेचा.”

इथे एक कबुलीजबाब देणे भाग आहे. वर्गात जुन्या काव्यातले वसंतवर्णन शिकवताना अशोक आला की माझ्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या भिंतीलगतचे ते हिरवे खांब उभे राहत. माझ्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांची सीता मी त्या खांबांखाली बसवली असेल, देव जाणे. बिचारीला सावलीसुद्धा मिळाली नसेल.

कैलासपती तिला लांबूनच वासावरून कळला. खोडातूनच फुटलेली ती फुले, आत पिंडी आणि वर फणा. खाली पडलेले एक फूल उचलून तिने कन्येच्या ओंजळीत ठेवले. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे, असे मी सांगितले. “असू दे,” ती म्हणाली, “आता इथलाच झाला ना?” गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्याला दोन्ही मुलांनी हात पसरून मिठी मारली, तरी बुंधा बराच उरला. ती आफ्रिकेची. फक्त उर्वशीपुढे आई हरली. लांब देठांवर लोंबणारी ती लाल-पिवळी फुले तिने बराच वेळ पाहिली. “ही आमच्याकडची नाही.” मी हळूच म्हणालो, “ब्रह्मदेशची.” त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेला हा एकमेव गुण.

“पण बहावा कुठाय?” चिरंजीवांनी आठवण केली. पेंग्विन ते केव्हाच विसरले होते.

आम्ही शोधला. आई पुढे, मुले तिच्या दोन्ही बाजूंना, पाण्याची बाटली आणि सगळ्यांच्या पिशव्या घेऊन मी मागे. तो परतीच्या वाटेवर भेटला. झाड अजून भरात आले नव्हते. काळ्या लांब शेंगा तशाच लटकत होत्या आणि त्यांच्यामधून पिवळे तीनच घोस उतरले होते.

आई खालच्या बाकावर बसली. “आपल्या पडवीसमोर होता,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांनी लावलेला. फुलला की मला हाक मारायचे. दरवर्षी. जसं काही मला दिसतच नव्हतं.” सात महिन्यांत तिने प्रथमच त्यांचे नाव काढले होते. ते झाड मी लहानपणी रोज ओलांडून शाळेत गेलो असणार. मला ते आठवेना. मुलांनी विचारले, आजोबा हाक काय मारायचे? तर ती हसली आणि सांगितले नाही.

खाली पडलेली एक शेंग तिने पिशवीत टाकली. गाडीत ती शेंग खुळखुळा म्हणून वाजवण्यावरून दिवसभर राहून गेलेले तिसरे भांडण झाले. दादर जवळ आले तशी मी पिशव्या गोळा करू लागलो.

“काय रे,” आई म्हणाली, “वडाळ्याला वड आहे का?”

“असेल,” मी म्हणालो.

“असेल म्हणजे काय? यांना सुट्टी किती दिवस आहे?”