जंगल असेल तर

दिवाळीआधी माळा आवरताना पत्र्याचा एक डबा खाली काढला, झाकण उघडलं आणि ठसकाच लागला. लाल तिखटाच्या बरणीला लागून इतकी वर्षं पडून राहिल्यानं आतल्या पत्त्यांना मिरचीचा वास मुरला होता. कॅनडात दादाला फोन लावला. तो म्हणाला, "टाकून दे गं. कोण खेळणार आता?" फोन ठेवला आणि पत्ते ओट्यावर मांडत बसले. पांढऱ्या कडांची ती माकडं वर आली, आणि मग हातचं काम राहूनच गेलं.

दादा पुण्याला होस्टेलवर होता. अमेरिकेहून आलेल्या कुणा मित्राकडून त्यानं 'मॅजिक: द गॅदरिंग'चे पत्ते मिळवले आणि 2006 च्या उन्हाळी सुट्टीत घरी आणले. त्याआधी आमची मजल डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांपर्यंत. कुणाची छाती जास्त, कुणाचं वजन जास्त, संपलं. या पत्त्यांत मात्र प्राणी राबवावे लागत, आणि त्यांना राबवायला जमीन लागे.

पाच रंगांपैकी काळा दादानं घेतला. त्याच्या एका मित्रानं निळा. मी लाल आणि हिरवा उचलला. लालची शक्ती डोंगरातून येते, हिरव्याची जंगलातून. नंदुरबारच्या पोरीनं दुसरं काय घ्यायचं? हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची पसरली की एकरच्या एकर लाल दिसतं, आणि उत्तरेला सातपुडा असतोच.

त्या वर्षी लोडशेडिंग बेसुमार होतं. रात्री गच्चीवर सतरंजी टाकून कंदिलाच्या उजेडात आम्ही डाव मांडायचो. खालून आईची हाक यायची, "कितलं खेळशात, झोपा आते!"

धावून जाणारा डेक, म्हणजे खेळायच्या पत्त्यांचा संच, बांधताना खरा वेळ जातो पत्ते काढून टाकण्यात. 60 पत्ते, साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाचे जास्तीत जास्त चार. सहा जमिनी मांडल्यावर उतरणारा ड्रॅगन कितीही देखणा असला तरी बाहेर, कारण सहावी जमीन येईपर्यंत आपला डाव संपलेला असायला हवा. समोरच्याचे 20 गुण असतात. ते पाच-सहा पाळ्यांत संपवायचे. म्हणून एका जमिनीत उतरणारे प्राणी आठ ठेवले: चार लॅनोवार एल्व्हज, चार किर्ड एप. आठ ठेवले की पहिल्या सात पत्त्यांत त्यातला एक तरी असण्याची शक्यता शंभरात 65. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर सोडवलं होतं, आणि अकरावीच्या कुठल्याही धड्यापेक्षा ते मला नीट समजलं.

किर्ड एप म्हणजे ते माकड. एक लाल शक्ती देऊन उतरतं. मारायची ताकद 1, सोसायची 1. पण तुमच्याकडे एक जरी जंगल मांडलेलं असलं, तरी ते 2 आणि 3 होतं. लाल रंगाचा, डोंगरातला प्राणी, आणि त्याची सगळी वाढ हिरव्यावर. खेळ निघाला 1993 साली, रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाच्या डोक्यातून. त्याच वर्षाच्या शेवटी हे माकड आलं. आमच्याकडचं 2005 च्या नवव्या आवृत्तीतलं. अख्ख्या डेकमध्ये माझा जीव त्याच्यावर.

मध्येच सावंतवाडी आठवते. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे गोल, हातानं रंगवलेले पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. त्यात मासा आहे, कासव आहे, वराह आहे, नरसिंह आहे. डाव दिवसा असेल तर सुरुवात रामाची, रात्री असेल तर कृष्णाची. आकड्यांच्या पानांत पाच रंगांत दहाचं पान मोठं, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. बाबरानं 1527 साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. म्हणजे पानाची किंमत आजूबाजूला काय आहे त्यावर ठरते, ही गोष्ट आपल्याकडे चांगली मुरलेली. माझ्या माकडाचंही तेच होतं.

आणि म्हणूनच तो एक डाव डोक्यातून जात नाही. माझ्यापुढे तीन डोंगर आणि एक जंगल. दादाच्या मित्राचे अवघे पाच गुण उरलेले. मी माकड पुढे पाठवलं. त्यानं 2-2 चा एक प्राणी आडवा घातला. माझं माकड ते सहज सोसणार होतं. तेवढ्यात त्यानं शक्तीसाठी आपल्या दोन जमिनी, दोन बेटं, आडवी केली आणि मांडलेला पत्ता हातात परत पाठवणारा बूमरँग टाकला. निशाणा माकडावर नव्हता. जंगलाचा पत्ता त्यानं बोटानं सरकवून माझ्या हातात परत दिला. माकड तिथल्या तिथे 1-1 झालं आणि मेलं. त्याला बोटही न लावता.

निळा खेळणाऱ्यांवर माझा राग आहे, आजही. त्यांचं सगळं कसब दुसऱ्याचं काही उभं राहू न देण्यात. तो डाव नियमात चोख बसत होता, हे मला तेव्हाही मान्य होतं. पण कंदिलाच्या उजेडात तो हसला ते मी विसरलेली नाही.

तळोद्याच्या रस्त्यानं जाताना हा डाव हटकून आठवतो. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आपल्या राज्यातली 33 गावं आली, सगळी अक्कलकुवा-अक्राणीतली. त्यातल्या मणिबेलीचं नाव तेव्हा देशभर गाजलं. नर्मदेकाठच्या त्या आदिवासी कुटुंबांना वसवायला तळोद्याचं राखीव जंगल मोकळं केलं गेलं. नदीकाठचं रान पाण्याखाली गेलं आणि त्याच्या भरपाईत दुसरं रान तुटलं. कुणाला जमीन मिळाली, कुणाला कागद मिळाले. पण मोह, तेंदू, चारोळी, डिंक, मासे, औषधाची मुळं हे ज्या रानात नि नदीत होतं, ते सातबाऱ्यावर कुठे लिहायचं? माकडाच्या डावासारखंच, पायाखालचं जंगलच काढून घेतलं गेलं. आता तळोदा-अक्कलकुव्याकडे उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात, आणि लोक म्हणतात, बिबट्या गावात शिरला.

तुमच्या घरात कुणी पोर लाल-हिरवा डेक बांधत बसलं असेल, तर त्याला उठवू नका; समोर बसा. 22 जमिनी पुरतात, त्यातली निम्मी जंगलं ठेवायला सांगा. आणि समोर निळा असेल, तर दुसरं जंगल मांडल्याशिवाय माकडाला पुढे पाठवू देऊ नका.