केडगावचे आठ दिवस

गतवर्षी मे महिन्यात आईच्या एका डोळ्याचा पडदा सरकला व तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. दृष्टी परत येईल की नाही, हे काही आठवडे तरी सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. माझी झोप उडाली. आई मात्र पट्टीवरून हात फिरवीत एवढेच म्हणे, "देव आसा." कोकणीतले हे दोन शब्द मी बाळपणापासून ऐकत आले होते, पण त्या दिवसांत ते ऐकून मला रागच येई.

अशा मनःस्थितीत आमच्या शाळेतील एका ख्रिस्ती सहशिक्षिकेने विचारले, "आमच्या मंडळीतील काहीजणी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आठ दिवस सेवेला जात आहोत. तुम्ही येता का?" मी नाहीच म्हणणार होते, पण आईनेच मला धाडले. धाकटी बहीण तिच्यापाशी राहिली. मडगावहून लोंढा, बेळगाव, मिरज असे करीत आम्ही पुण्यास पोहोचलो आणि तेथून दौंडच्या वाटेवरील केडगावी उतरलो. आमच्या हिरव्या गोव्यातून गेलेल्या डोळ्यांना तो रखरखीत माळ प्रथम परकाच वाटला.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यांचे जीवन मला तेथे उमगले. ऐन तारुण्यात दुष्काळाने त्यांचे आईवडील व बहीण हिरावून नेली. १८८० साली विवाह झाला आणि १८८२ साली पती गेले. पदरी तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात, भूक म्हणजे काय हे स्वतः जाणणाऱ्या या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवरच त्यांनी त्यांना आसरा दिला. उद्याचे धान्य कोठून येईल, हे ठाऊक नसताना! त्या प्रार्थना करीत, आणि विहिरीही खोदवीत.

तेथे मला स्वयंपाकघरात काम मिळाले. एक वृद्ध अंध बाई रोज माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडीत. मी डोळ्यांनी निवडलेल्या सुपातही त्यांच्या बोटांना खडे सापडत. एकदा न राहवून मी आईची हकीकत सांगितली व विचारले, "आजी, पुढे काय होईल याचे तुम्हांला भय नाही वाटत?" त्या हसल्या. "वाटते की! पण बाई, आज सुपात आहेत तेवढेच तांदूळ मी निवडते. उद्याचे त्याच्या कोठीत आहेत." असे म्हणून त्यांनी सूप पुढे ओढले.

त्या रात्री मी कित्येक दिवसांनी स्वस्थ झोपले. सकाळच्या त्यांच्या उपासनेत आणि आमच्या घरच्या समईपुढील आईच्या जपात मला एकच धीर दिसू लागला.

विद्यार्थी मित्रहो, शेवट गोड झाला असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. आईच्या त्या डोळ्याला आज केवळ उजेड व सावली एवढेच कळते. रमाबाईंनाही सर्वच मिळाले नाही. ज्या मनोरमेच्या हाती कार्य सोपवायचे, ती १९२१ साली त्यांच्याआधीच गेली. तरी १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्यांचे काम थांबले नाही. तेव्हा, देवावर विश्वास म्हणजे हवे ते मिळण्याची हमी नव्हे, आणि हात जोडून स्वस्थ बसणेही नव्हे. उद्याची चिंता त्याच्या स्वाधीन करून आजचे काम नीट करणे, एवढाच त्याचा अर्थ मी शिकले.

हल्ली सायंकाळी आई सूप मांडीवर घेऊन बसते. मी शेजारी बसते. ती म्हणते, "देव आसा." आता मला राग येत नाही, मीही "आसा" म्हणते आणि तांदूळ निवडू लागते.