तेजूकाठची प्रेक्षणीय स्थळे

लिस्बन येथे आम्ही २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षे अध्ययनासाठी होतो. स्वदेशी परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, 'तिकडे काय काय पाहिले?' पाहिले पुष्कळ. सात टेकड्यांवर वसलेले ते नगर, अरुंद गल्ल्यांतून भिंतींना अंग घासत जाणारी पिवळी ट्राम, १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात छप्पर कोसळल्यापासून तसेच उघडे ठेवलेले कार्मचे देवालय, तेजू नदीचे समुद्रासारखे रुंद पात्र. या साऱ्यांची वर्णने करणारी पुस्तके उदंड आहेत. त्यांत आमची भर कशाला? फोंडा महालातील देवळाच्या नगारखान्याखाली ज्याचे बालपण गेले, त्याच्या डोळ्यांना तेथे जे विशेष दिसले तेवढेच वाचकांपुढे ठेवावे असा आमचा विचार आहे.

प्रथम बेलें. नदीकाठच्या या उपनगरातूनच वास्को द गामाची गलबते १४९७ साली निघाली. तेथील जेरॉनिमुशचा मठ १६ व्या शतकाच्या आरंभी बांधावयास घेतला, आणि त्याचा खर्च आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील करातून निघाला. दगडात दोरखंडे, शिंपले, वेली कोरलेल्या त्या कमानी पाहून मन थक्क होते हे मान्य केलेच पाहिजे. ज्या कारागिराने दगडाला लोण्यासारखे वळविले त्याचे कौतुक न करणे हा कोतेपणा होय, मग तो कारागीर कोणाचाही असो.

प्रवेशद्वाराजवळ एका अंगास गामाचे व दुसऱ्या अंगास कवी कामोंइश याचे थडगे आहे. गामा वारला तो १५२४ साली आपल्या कोचीस; त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालात नेल्या आणि १८८० साली या मठात आणल्या. प्रवाशांची दाटी तेथेच असते. आमचे पाय मात्र खिळले ते आत, मुख्य वेदीजवळ. तेथे राजे लोकांची थडगी आहेत आणि ती संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहेत! त्यांपैकी एक दों जुआंव तिसरा याचे. त्याच्या कारकीर्दीत, १५४० च्या सुमारास, तिसवाडी बेटावरील देवळे पाडली गेली. साष्टी, बारदेशची पाळी पुढे आली, आणि १५६० साली कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास गेला. आमची आजी ही हकीकत सांगताना कधी सनावळी सांगत नसे. 'देव पलतडी व्हेलो' एवढेच म्हणे, आणि रात्रीच्या अंधारात होडीत बसलेल्या भटजींचे वर्णन अशा तपशिलाने करी, की जणू वल्हे तिच्याच हाती होते.

त्या हत्तींपुढे उभे असता राग येईल असे आम्हांस वाटले होते. तो आला नाही. आले ते एक नवल. ज्याच्या राज्यात आमच्या देवांना घर सोडावे लागले, त्याला अखेरची शेज आमच्याकडील प्राण्याच्या पाठीवर हवीशी वाटली! बरोबरच्या पोर्तुगीज सहाध्यायाने 'एवढे काय पाहता?' असे विचारले. आम्ही थोडक्यात सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'आम्हांला शाळेत हत्तीच तेवढे दाखवले.'

मठापासून थोड्या अंतरावर नदीत पाय बुडवून उभा असलेला बेलेंचा मनोरा आहे. त्याच्या एका बुरुजाखाली, वाऱ्यापावसाने झिजलेले गेंड्याचे मुख कोरलेले आहे. या गेंड्याची कथा मौजेची आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो आल्बुकर्कला नजर केला, आणि आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजावर चढवून राजा मानुएलकडे धाडला. १५१५ च्या जानेवारीत निघालेला हा जीव २० मे रोजी लिस्बनला पोहोचला. गोव्याहून लिस्बनला गेलेल्यांत आमचा हा मोठा नामांकित पूर्वसुरी म्हणावयास हरकत नाही. विद्यावेतन त्यालाही राजाचेच होते. गेंडा व हत्ती हे जन्मवैरी असतात या जुन्या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी राजाने दोघांना समोरासमोर आणले, तर हत्तीच पळून गेला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठविला असता इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून गेंडा मेला. त्याला न पाहताच ड्यूरर या जर्मन चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र युरोपभर गाजले.

बेलेंवरून जाणारी आगगाडी पुढे काशियश या स्थानकावरून जाते. समुद्रस्नानासाठी निघालेले प्रवासी तेथे उतरत नाहीत, कारण तेथील किल्ला तुरुंग म्हणूनच ख्यात आहे. मोहन रानडे तेथे बंदिवासात होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानड्यांची सुटका व्हावयास मात्र १९६९ चा जानेवारी उजाडावा लागला. आम्ही त्या मार्गाने अनेकदा गेलो, आणि गाडी त्या स्थानकात थांबली की पुस्तक मिटून ठेवीत असू.

शहराच्या उत्तर भागात, लुमियार येथे, राधाकृष्णाचे मंदिर आहे. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तेथून पोर्तुगालात आलेल्या गुजराती कुटुंबांनी ते उभारले. त्यांतील बहुतेकांचे मूळ दीव व काठेवाडाकडचे. तेथील भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते, आणि परदेशी विद्यार्थ्याची भक्ती प्रथम त्या दिशेने जागृत होते हे लपविण्यात अर्थ नाही. तेथे एक वृद्ध बाई आम्हांस भेटत. त्या गुजराती आणि पोर्तुगीज अशा मिसळलेल्या भाषेत बोलत, आम्हांस 'दीकरा' म्हणत. आम्ही गोव्याचे असे कळताच म्हणाल्या, 'म्हणजे आपले सरकार एकच होते की!' चारशे वर्षांचा इतिहास त्यांनी असा एका वाक्यात शेजाऱ्यांच्या भाडेकरारासारखा उरकला.

या बाईंमुळेच सिंत्र्याची सहल आमच्या लक्षात राहिली. सिंत्रा हे लिस्बनहून गाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येणारे, डोंगरउतारावरील रमणीय गाव. राजवाडे, धुके, घनदाट झाडी. आपल्याकडील सह्याद्रीच्या माथ्याची आठवण व्हावी असे. तेथे पेन्या व्हेर्द नावाची जुनी वाडी आहे. ती दों जुआंव द कास्त्रो याची. १५४६ साली दीवचा वेढा उठविणारा, गोव्याचा गव्हर्नर व पुढे व्हाइसरॉय झालेला आणि १५४८ साली गोव्यातच मरण पावलेला हा पुरुष. घारापुरीची लेणी पाहून त्यांचे आदराने वर्णन लिहून ठेवणाराही हाच. त्याच्या या बागेत सोमनाथपट्टणच्या देवालयातील एक संस्कृत शिलालेख नेऊन बसविला गेला. तो त्यानेच नेला असे मानतात. संशोधकांत तो 'सिंत्रा प्रशस्ति' याच नावाने ओळखला जातो. सोमनाथची शिळा आणि नाव सिंत्र्याचे!

हा लेख ब्यूलर या पंडिताने 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केला आहे. ग्रंथालयात बसून आम्ही तो वाचला. काळ विक्रम संवत १३४३, म्हणजे इसवी सन १२८७. राजा वाघेला वंशातील सारंगदेव. त्रिपुरान्तक नावाच्या पाशुपत साधूची ती स्तुती आहे. त्याने केदार, प्रयाग, श्रीपर्वत, नर्मदा, गोदेकाठचे त्र्यंबक, रामेश्वर अशी यात्रा केली आणि अखेर सोमनाथी येऊन पाच देवळे बांधली. पुढे पूजेला फुले कोणी द्यावयाची, नैवेद्य कसा, विडे कोणाकडून, याची व्यवस्था लिहिली आहे. आमच्या महाजनांच्या सभेत नेमक्या याच बाबींवरून आवाज चढतात! सातशे वर्षांपूर्वीचा तो मजकूर वाचताना देवळातील जुने चोपडे चाळीत असल्याचा भास झाला.

वाडी खाजगी मालकीची असल्यामुळे आत जाता आले नाही. आम्ही सेतेयाइशचा प्रासाद मागे टाकून चालत गेलो, भिंत पाहिली, बंद फाटक पाहिले, वर झुकलेली झाडे पाहिली, आणि परतलो.

पुढच्या भेटीत हे सारे बाईंना सांगितले. त्यांनी विचारले, 'कोणत्या देवाचा दगड?' आम्ही म्हटले, 'महादेवाचा. पण ती मूर्ती नव्हे. नुसती अक्षरे आहेत.' त्या म्हणाल्या, 'अक्षरांत फुलांचे लिहिले आहे म्हणतोस ना? मग इतकी वर्षे फुले कोण देतो?'

या प्रश्नाला उत्तर आमच्यापाशी नव्हते. सोमवारी त्या स्वतःच तयार होऊन स्थानकावर आल्या. बरोबर आणखी दोघी होत्या, आणि कागदाच्या पुडीत पांढरी फुले. चढ असल्यामुळे वाटेत तीन ठिकाणी बसावे लागले. फाटकाशी पोहोचल्यावर तिघींनी चपला काढल्या, भिंतीच्या पायथ्याशी फुले ठेवली आणि बागेच्या दिशेने हात जोडले. आम्हीही जोडले. सिंत्र्यात हल्ली प्रवाशांसाठी आपल्याकडच्यासारख्या तीनचाकी रिक्षा धावतात. त्यांपैकी एक आमच्याशी येऊन थांबली आणि चालकाने पोर्तुगीजमध्ये विचारले, येथे पाहण्यासारखे काही आहे काय? बाईंनी त्याला 'आहे' म्हणून सांगितले, आणि त्याच रिक्षेने आम्ही चौघे स्थानकापर्यंत आलो.