अण्णांची मोजणी

अफू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यसनी माणूस उभा राहतो; घरातल्या गोळ्यांचा डबा काही आठवत नाही. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या डब्यात गेली तीन वर्षे ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल आहेत. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक. २०१८ पासून आपल्या देशात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. म्हणून ते वाईट औषध ठरत नाही. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत असे औषध मिळणे ही मोठी कृपाच असते. कर्करोगाच्या कित्येक रुग्णांना आपल्याकडे मॉर्फिन वेळेवर मिळत नाही, हेही तितकेच खरे. परंतु जुनाट पाठदुखीसाठी ते महिनोन्‌महिने चालू राहिले की त्याचा गुण ओसरू लागतो, आणि बद्धकोष्ठता, गुंगी, भोवळ मात्र मुक्कामाला राहतात. अण्णा ७४ वर्षांचे आहेत. रात्री लघवीला उठताना भिंतीचा आधार मिळाला म्हणून ते दोनदा पडता पडता वाचले. या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे वाचकांना मी सांगायला नको.

अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. साखळी घेऊन बांधाबांधाने चालण्यात त्यांची उमेद गेली. आता कमरेच्या मणक्यातील नलिका अरुंद झाली आहे आणि हृदयविकारामुळे शस्त्रक्रियेचा धोका पत्करायला शल्यविशारद तयार नाहीत. अशा वेळी वेदना चिकित्सालयातील डॉक्टरांनी सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा वर्ग सुचविला. अण्णांनी शांतपणे विचारले, “म्हणजे माझे दुखणे मनाचे आहे, असेच ना?” घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

या प्रश्नाशी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तो अनेक घरांत विचारलाही जात नाही. नुसता सलत राहतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्याचे उत्तर नीट दिले. दुखणे शरीराचेच आहे, खरेच आहे. मात्र ते वर्षानुवर्षे टिकले की मज्जासंस्था अधिक हळवी होते; पूर्वी जो इशारा क्षीण होता, तो मोठा होऊन मेंदूपर्यंत पोहोचतो. त्यात अपुरी झोप, उद्याची धास्ती, आखडून धरलेले स्नायू यांची भर पडते. मणका बदलता येत नसला, तरी ही भर कमी करता येते. सजगतेचे काम तेवढेच. ‘आजोबा, मन घट्ट करा’ असे सांगणाऱ्या पाहुण्यांचे काम निराळे, आणि बहुधा निरुपयोगी.

अण्णांना पटले ते मात्र इतिहासामुळे. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात जुनाट वेदनांचे रुग्णच आरंभापासून होते. त्याची मुळे बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत, ती विपश्यनेपर्यंत जातात. ज्यांनी इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र उभारले, त्या सत्यनारायण गोएंका यांना ब्रह्मदेशात असताना अर्धशिशीसाठी मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. त्याची सवय जडेल ही डॉक्टरांना भीती होती. त्यातून ते १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरूंनी केवळ डोकेदुखीसाठी शिकवायला आधी नकार दिला. इगतपुरी तालुक्यात अण्णांनी नोकरीची दोन वर्षे काढलेली. “अस्से!” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला जायला तयार झाले.

मला स्वतःला आकडे हवे होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात पाठदुखीचे ३४२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी सजगतेच्या गटातील सुमारे ६१ टक्क्यांची हालचाल लक्षणीय सुधारली, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपैकी ४४ टक्क्यांची. २०२५ मधील अभ्यास अण्णांच्या अधिक जवळचा: रोज अफूवर्गीय औषध घेणारे ७७० रुग्ण, वर्षभराची पाहणी. सजगता आणि बोधात्मक वर्तनोपचार, दोन्ही गटांत वेदना थोडी उतरली, कामे जमू लागली, औषधाची मात्राही घटली. सजगता वरचढ ठरली नाही, हे अभ्यासकांनी सरळ सांगितले आहे. म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसला.

वर्गात मांडी घालण्याचा आग्रह नव्हता. अण्णा उताणे झोपतात, गुडघ्यांखाली उशी घेतात आणि पायाच्या अंगठ्यापासून माथ्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेतात. पाऊण तास झेपेना, तेव्हा पंधरा मिनिटांवर आणले. पहिले दोन आठवडे त्यांना दुखणे उलट अधिक जाणवले. याची कल्पना आधी असलेली बरी. तिसऱ्या आठवड्यात एकदा म्हणाले, “अगं, ही तर मोजणीच आहे. सगळी कंबर दुखते असे मी धरून चाललो होतो. हद्द पाहिली, तर डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा आहे. बाकी सगळे मी आवळून धरलेले.”

आज दिवसाला चारऐवजी दोन कॅप्सूल आहेत. ही कपात डॉक्टरांनी चार महिन्यांत, टप्प्याटप्प्याने केली. असे औषध एकाएकी बंद केल्यास घाम, जुलाब, तळमळ, निद्रानाश यांनी माणूस हैराण होतो. तेव्हा घरच्यांनी ‘सोडून द्या एकदाचे’ असा उत्साह दाखवू नये. झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल, तर तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी. आणि पायातील शक्ती अचानक गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पाठीबरोबर ताप आला, तर ध्यानाला न बसता थेट रुग्णालय गाठावे.

दुखणे गेलेले नाही. अण्णांच्या वहीत रोज दहापैकी किती, तो आकडा लिहिलेला असतो. साताचा पाच झाला आहे, अधूनमधून पुन्हा सात होतो. थंडीत त्रास वाढतो म्हणून पुढची कपात संक्रांतीनंतर, असे डॉक्टरांचे मत आहे. अण्णांना ती दिवाळीलाच हवी होती.