नोटा छापणाऱ्या गावातला हिशेब

इंदूरहून ईशान्येला पस्तीस-चाळीस किलोमीटर गेले की देवास येते आणि पश्चिमेला साठेक किलोमीटर गेले की धार. मध्ये इंदूर, दोन्हीकडे माळव्याची काळी जमीन, सोयाबीन आणि गहू. पाट्या हिंदी, बाजार हिंदी, सकाळी पोहे-जिलबी आणि सणावाराला दाल-बाफले. पण जुन्या वस्तीत शिरून दारावरची आडनावे वाचत गेलात, तर आपण चुकून साताऱ्या-कोल्हापूरकडे आलो की काय असे वाटते. एखाद्या ओट्यावरच्या आजीबाई विचारतात, "दक्षिणेतून आलात का?" त्यांच्या लेखी 'दक्षिण' म्हणजे तमिळनाडू नव्हे, महाराष्ट्र. आणि पुढचेच वाक्य येते, "बसा, चहा करून राहिले आहे." मराठीत हिंदीचे वळण असे मुरलेले असते. आपल्याकडच्या "येतो की", "बस की"मध्ये कानडीचे वळण मुरले आहे, अगदी तसेच. बेळगावकराला हे ऐकून परके वाटत नाही.

देवासला जायचे माझे निमित्त कुमार गंधर्वांचे घर हे होते. पण ज्या मराठी घरी उतरलो, तिथे वेगळाच विषय चालला होता. यजमानांचा मुलगा अठरा वर्षे अमेरिकेत आहे. आता परत यावे, असे त्याच्या मनात आहे. त्याने संगणकावर एक तक्ता करून वडिलांना पाठवला होता: तिकडचा घरखर्च, इकडचा घरखर्च, फरक. काकांनी तो छापून घेतला होता आणि चष्मा लावून त्यावर पेन्सिलीने खुणा करत बसले होते. ज्या गावात भारत सरकारचा नोटांचा छापखाना आहे, त्या गावात नोटा किती पुरतील याचा हिशेब चालला होता. पुढचे दोन दिवस आम्ही हिंडलो ते हा तक्ता डोक्यात घेऊनच.

आले ते परत का गेले नाहीत?

माळव्यातली मराठी माणसे ही मुळात कामासाठी परमुलखात गेलेली माणसे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार घराण्याचे सरदार इथे आले. तुकोजी आणि जिवाजी या भावांनी देवास घेतले आणि त्याच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. धारची गादी पवारांच्याच दुसऱ्या शाखेकडे गेली. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात आसरा मिळाला आणि १७७५ मध्ये दुसरा बाजीराव तिथेच जन्मला. या सरदारांच्या मागोमाग कारकून, पुजारी, वैद्य, शिक्षक, शिलेदार आले. त्यांचे पोट गावच्या उत्पन्नावर होते: जहागीर, इनाम, दरबारचा पगार.

हे उत्पन्न कायमचे नव्हते. खुद्द राजालाही ते पुरले नाही. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे जावई. शाहूंची कन्या अक्कासाहेब १९०८ मध्ये देवासला सून म्हणून आली. याच तुकोजीरावांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने खासगी सचिव होता, आणि त्या दिवसांवर त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढले. नव्या राजवाड्याचे बांधकाम चालू होते, तिजोरी रिकामी होत होती. १९३३ च्या अखेरीस महाराज यात्रेच्या निमित्ताने निघाले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. राजवाडा अपुरा राहिला आणि १९३७ मध्ये महाराज तिकडेच वारले. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव मात्र १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. एका अर्थी ते 'दक्षिणेत' परतले, पण त्यांच्यासाठी तिथे गादी तयार होती.

बाकीच्यांसाठी काय तयार होते? १९४८ मध्ये धार आणि देवास मध्य भारतात विलीन झाली. १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. त्याच दिवशी आपले बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ज्या कामासाठी पूर्वज आले, ते कामच संपले. मग ही घरे परत का गेली नाहीत?

काकांचे उत्तर सरळ होते. "परत जायचे कुठे? सात पिढ्यांपूर्वीच्या गावात ना घर, ना शेत. पुण्याला जायचे म्हणजे भाड्याच्या खोलीत. इथे वाडा जुना असला तरी आपला होता." उत्पन्न गेले, पण डोक्यावरचे छप्पर फुकट होते आणि गाव स्वस्त होते. मुलांनी शिक्षकाची, बँकेची, वीज मंडळाची नोकरी धरली. सत्तरच्या दशकात देवासला नोटांचा छापखाना आणि कारखाने आले, ऐंशीच्या दशकात धार जिल्ह्यात पिथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कमाईचे साधन बदलले, माणसे तिथेच राहिली.

शिवपुत्र आणि फडके

चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे आपल्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी, गुरू मुंबईचे देवधर मास्तर. क्षयाने फुप्फुस धरले तेव्हा, १९४८ मध्ये, त्यांना देवासला आणले. कारण होते कोरडी हवा. त्या काळी क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन नुकते येऊ लागले होते आणि ते महाग होते. कमाई शून्य, कारण गाणेच बंद. पत्नी भानुमतीबाईंनी तो काळ निभावला. पुढे गाणे परत आले आणि माळव्याची लोकगीते घेऊन आले. तरी कुमारजी मुंबईला राहायला गेले नाहीत. मैफली देशभर, घर देवासला, १९९२ मध्ये जाईपर्यंत.

धारमध्ये दुसरे उदाहरण आहे ते शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचे. वसईचा माणूस. मुंबईत गिरगाव चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे, तो त्यांनी केलेला. धारच्या दरबाराचे काम आले म्हणून ते गेले आणि तिथलेच झाले. १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली ती धारकर म्हणूनच. धारचा फडके स्टुडिओ अजून लोकांना माहीत आहे.

दोघांच्या हिशेबात एक गोष्ट सारखी दिसते. राहणे स्वस्त गावात, कमाई दूरच्या मोठ्या गावांतून. आज परदेशातून येणाऱ्याला नेमके हेच जमवायचे असते. पण दोघेही स्वस्त म्हणून आले नव्हते. एकाला हवा हवी होती, दुसऱ्याला काम होते. स्वस्ताई नंतर उपयोगी पडली.

तक्त्यातले रकाने

आता काकांच्या मुलाच्या तक्त्याकडे वळू. भाडे, दूध, भाजी, मोलकरीण, ड्रायव्हर, वीज, शाळा, सगळे नीट होते आणि प्रत्येक ओळीत देवास जिंकत होते. त्यात खोटे काही नव्हते. डॉलरला आज ऐंशीच्या वर रुपये मिळतात. पण जागतिक बँकेच्या खरेदीशक्तीच्या हिशेबाने पाहिले, तर अमेरिकेत एका डॉलरला जेवढे येते तेवढे भारतात साधारण वीस-बावीस रुपयांत येते. म्हणजे तिकडची शिल्लक इथे सरासरी चौपट पुरावी. पण ही सरासरी आहे. दूध, भाजी, घरकामाची मदत यांत ती चौपटीहूनही जास्त पुरते. संगणक, पेट्रोल, विमानाचे तिकीट यांत अजिबात नाही.

काकांनी पेन्सिलीने पहिली खूण केली ती इथेच. "नात इथे येणार नाही, ती तिकडे कॉलेजात आहे. मग तिला भेटायला जायचे पैसे कोणत्या रकान्यात?" आज मुलगा आईवडिलांसाठी विमानात बसतो. परत आल्यावर मुलीसाठी बसेल. त्या दिवशी त्याची कमाई रुपयांत असेल आणि तिकीट व तिकडचा खर्च डॉलरच्या भावाने पडेल. परतण्याने विमानखर्च संपत नाही, दिशा बदलते.

दुसरा राहिलेला रकाना म्हातारपणाचा. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मिळायला चाळीस 'क्रेडिट', म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. भारताशी त्यांचा याबाबत करार नाही. त्यामुळे नऊ वर्षे नोकरी करून आलेल्याची इथली वर्षे त्यात मिळवता येत नाहीत. ब्रिटनलाही किमान दहा वर्षे लागतात, आणि भारतात राहणाऱ्याची ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही. सुरू झाली त्या आकड्यावर गोठते. अमेरिकेचा मेडिकेअर विमा भारतातल्या उपचाराला चालत नाही. त्यातला 'पार्ट बी' सोडून दिला आणि सत्तरीत पुन्हा तिकडे गेलात, तर चुकलेल्या दर बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी चढतो, आणि तो कायमचा. इथे नवा आरोग्यविमा घेतला, तर आधीपासून असलेल्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण आहे, पण अमेरिकी नागरिक होऊन ओसीआय कार्डावर आलेल्याने ते धरून चालू नये. म्हणून परत यायचेच असेल, तर मधुमेह-रक्तदाब मागे लागण्याआधी येऊन विमा सुरू करणे स्वस्त पडते.

तिसरा रकाना कराचा. बरीच वर्षे बाहेर राहून आलेल्याला भारतात साधारण दोन-तीन वर्षे 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे' असा दर्जा मिळतो. त्यासाठी आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असावे लागते, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ च्या आत असावे लागतात. त्या काळात बाहेरच्या बहुतेक उत्पन्नावर इथे कर लागत नाही. मात्र एनआरई खात्यावरच्या करमुक्त व्याजाची सवलत कायमचे परतल्यावर संपते आणि खाते बदलून घ्यावे लागते. माळव्यात चार बिघे घेऊन गहू पिकवायचे मनात असेल, तर हेही माहीत हवे की अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते.

चौथा रकाना सगळे विसरतात: नाहीच जमले तर परत जाण्याचा. ग्रीन कार्डवर असलेला माणूस परवाना न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिला, तर ते कार्ड हातचे जाऊ शकते. तिकडचे घर विकले, नोकरीची साखळी तुटली, तर दोन वर्षांनी त्याच पायरीवर उभे राहता येत नाही. हा दरवाजा उघडा ठेवायलाही पैसे लागतात. ते खर्चात धरावेत.

गावाचा खर्च

काही खर्च गावच सांगते, तक्ता सांगत नाही. १९९० च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. उद्योग वाढले, उपसा वाढला, विहिरी आटल्या. ज्यांना तो उन्हाळा आठवतो ते घर पाहायला गेले की आधी पाण्याचे विचारतात, मग भाड्याचे. २००६ नंतर जिल्ह्यात हजारो शेततळी झाली आणि शेतीचे चित्र बदलले. तरी घर घेण्याआधी मे महिन्यात येऊन पाहावे, हा काकूंचा सल्ला मला दहा तक्त्यांहून मोलाचा वाटला. धारची शांतता सुखाची आहे, वरून मांडू जवळ. पण छातीत दुखले तर मोठे इस्पितळ इंदूरलाच. देवासहून ते पाऊण-एक तासावर, धारहून त्याहून लांब. पस्तिशीत या अंतराला किंमत नसते, सत्तरीत असते.

हा प्रश्न आपल्याही घरांत आहे. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची मुलगी टेक्सासात, आणि दिवाळीत फोनवर "बेळगावला येऊ का, की पुण्याला, की बंगळूरला?" ही चर्चा. बेळगाव स्वस्त आहे, घर आहे, दोन्ही भाषा येतात. हे खरेच. पण कमाई कुठून येणार, दुखण्याला कोण आणि किती अंतरावर, कोणाला भेटायला विमान लागणार, आणि नाही जमले तर दार उघडे आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर यावीत. दुधाचा भाव पाचव्या ओळीत. शक्य असेल तर घर विकण्याआधी वर्षभर भाड्याने राहून पाहावे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा धरून. या चार प्रश्नांची उत्तरे समाधानाची आली, तर थोडे महाग पडले तरी यावे. ती उत्तरेच नसतील, तर नुसती स्वस्ताई फार दिवस पुरत नाही. देवासच्या राजाला गाव स्वस्तच होते, तरी ते सोडावे लागले. सुळेभावीच्या गवयाला तिथे कमाई नव्हती, तरी तो राहिला, कारण तिथे श्वास घेता येत होता.