पहिली सही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या मध्यमवर्गाने जितक्या मनोभावे पाळली आहे तितकी दुसरी कोणतीही पाळली नसेल. म्हण वाईट नाही. आयुष्याची पंचवीस वर्षे कर्जतच्या न्यायालयात त्या पायरीवरच काढलेल्या माझ्यासारख्या वकिलास तर तिचा खरेपणा इतरांहून अधिक पटतो. परंतु तिचा एक भलताच अर्थ लोकांनी करून घेतला आहे. कोर्टाची पायरी चढायची नाही म्हणजे कायद्याचा कागदही वाचायचा नाही, अशी समजूत घरोघर रूढ झाली आहे. अंगात कणकण वाटताच डॉक्टराकडे धावणारा गृहस्थ नोटीस आली असता ती घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवतो, आणि वकिलाकडे येतो तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. रोग्याचा प्राण गेल्यावर नाडी पाहावयास बोलवावे, त्यातलाच हा प्रकार!

ज्या घरात एखादे मूल डॉक्टर होऊ घातले आहे, त्या घरात तर हा भित्रेपणा फार महाग पडतो. पूर्वी इंटर सायन्सची एक परीक्षा असे. तीत गुण मिळाले की वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडे. आता तसे राहिले नाही. बारावीनंतर ‘नीट’मध्ये गुण कमी पडले, तर पुष्कळ मुले बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षात नाव घालून ठेवतात आणि मे महिन्यातील नीट पुन्हा देतात. एक पाय विद्यापीठात आणि दुसरा मेडिकलच्या उंबरठ्यावर, अशा अवघड स्थितीत वर्ष काढावे लागते. अशा वेळी विद्यापीठाकडून शिस्तभंगाचा ठपका आला, तर दोन्ही पाय एकदम घसरतात; कारण पुढे कोठेही प्रवेश घ्यावयाचा म्हटला की मागील महाविद्यालयाचा दाखला हा लागतोच.

आमच्या पोशीरची एक मुलगी अशीच सापडली. पोशीर हे नेरळ-कळंब रस्त्यावरचे गाव; त्याच नावाची नदी जवळून वाहते आणि पुढे उल्हास नदीस मिळते. येथून पहाटे निघून नेरळ स्टेशन गाठायचे व लोकलने कॉलेजला जायचे, हा येथील मुलामुलींचा नित्यक्रम. ही मुलगी गाडीत उभ्याउभ्या अभ्यास करी. त्यासाठी तिने पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर प्राणिशास्त्राच्या टिपणांचे गठ्ठे केले होते. त्यांतलाच एक कागद तिच्या कंपासपेटीत राहिला. त्या दिवशी पेपर रसायनशास्त्राचा होता. भरारी पथक आले, पेटी उघडली गेली, कागद निघाला. पर्यवेक्षकांनी एक छापील नमुना तिच्यापुढे ठेवला व तिने थरथरत्या हाताने त्यावर सही केली. ‘मी परीक्षेत गैरमार्गाचा अवलंब केला असून मला तो मान्य आहे’, असे त्यात छापलेले होते. खाली विद्यार्थ्याच्या म्हणण्यासाठी चार ओळी सोडलेल्या होत्या. त्या कोऱ्याच राहिल्या.

सोळाव्या दिवशी समितीपुढे हजर राहण्याची नोटीस आली, आणि तिचे वडील मजकडे आले. “वकीलसाहेब, पोरीनं सही केलीय. आता काय उरलं?” एवढेच ते म्हणाले. मुलगी दाराशी उभी होती. तिला मी जवळ बसवून विचारले, “बाळ, सही करण्यापूर्वी वाचलंस का?” ती म्हणाली, “नाही काका. पेपरची वेळ चालली होती.”

या उत्तरात प्रकरणाचा सारा गाभा होता. वेळ चालली होती म्हणून तिने सही केली. कागद जवळ सापडला हे खरे. त्यातून नक्कल केली हे खोटे. पहिली गोष्ट सांगणे म्हणजे हकीकत सांगणे, दुसरी मान्य करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. या दोहोंतील अंतर एकोणीस वर्षांच्या मुलीस घड्याळाकडे पाहत कळावे, अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यास शिक्षा करू नये, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली, उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाविरुद्ध आलेल्या इंटरमिजिएटच्या तीन विद्यार्थ्यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले. मंडळाने त्यांचा निकाल रद्द केला व पुढील परीक्षेसही बसण्याची मनाई केली. विचारले मात्र काहीच नव्हते. ही चूक इतक्या वर्षांनीही घडते. २०२५च्या मे महिन्यात पुण्याच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीस समाजमाध्यमावरील मजकुराबद्दल महाविद्यालयाने तिचे म्हणणे न ऐकताच काढून टाकले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित करून तिला परीक्षेस बसू दिले.

पण ऐकून घ्यावे याचा अर्थ फौजदारी खटल्याप्रमाणे साक्षीपुरावा व्हावा, असा नव्हे. आमच्याच राज्यातील १९९०च्या शालान्त परीक्षेत नियामकांच्या गुणपत्रकांत खाडाखोड होऊन २८३ विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले आढळले. मंडळाने शिक्षा केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. परीक्षेच्या चौकशीत संशयातीत पुरावा लागत नाही; परिस्थितीवरून जे अधिक संभवनीय दिसते तेवढ्यावर निर्णय देता येतो, असे त्या निकालाचे सार आहे. म्हणजे समितीपुढे जो पहिला कागद जातो, त्यावरच बहुधा तराजू झुकतो. उच्च न्यायालयातला मोठा वकील पुढे केव्हातरी उभा राहील; पण त्याच्याही हाती तोच पहिला कागद असणार.

माझ्या एका वकीलमित्राने सल्ला दिला, “कागद आमचा नव्हेच, असं लिहून मोकळे व्हा. हस्ताक्षर सिद्ध करणं त्यांचं काम.” हा सल्ला मला मुळीच मानवला नाही. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी हा शुद्ध अव्यवहार आहे. जेथे संभवनीयतेवर निकाल लागतो तेथे एक उघड खोटे बोलले की उरलेल्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. शिवाय शिस्तीची चौकशी ही विद्यार्थ्यांची वैरीण आहे, असे मी मानीत नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात रात्री शिरून गैरवर्तन केल्याबद्दल काही विद्यार्थ्यांना दोन वर्षांसाठी काढून टाकण्यात आले. तक्रार करणाऱ्या मुलींची उलटतपासणी आम्हांस करू दिली नाही, अशी त्यांची फिर्याद होती. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्या मुलींना त्याच आवारात राहावयाचे होते, हे न्यायालयाने ओळखले. तो निकाल मला पूर्णपणे योग्य वाटतो.

तेव्हा आम्ही खरे तेच लिहिले. कागद माझा, अक्षर माझे, विषय प्राणिशास्त्राचा, पेपर रसायनाचा. पेटी तपासून न आणणे ही माझी हयगय, पण उत्तरपत्रिकेत त्या कागदावरचे एकही अक्षर नाही, ती पाहावी. छापील मजकूर न वाचता सही केली. सोबत गठ्ठ्यातील बाकीचे कागद जोडले व सापडलेल्या कागदाची नक्कल मागितली. समितीपुढे वकील घेऊन जाण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि आत ती एकटीच गेली. वकिलाचे उत्तम काम कधीकधी बाकावर बसूनच होते, हे तरुण वकिलांस पटत नाही. मलाही त्या वयात पटले नसते.

समितीने त्या एका विषयाचा पेपर रद्द केला, बाकीची परीक्षा राखली. वडिलांना हा अन्याय वाटला. मला वाटला नाही. जवळ कागद बाळगणे हेही नियमाविरुद्धच आहे. रसायनाचा पेपर तिने पुढील सत्रात दिला. त्या मे महिन्यातील नीटही दिली. गुण कमी पडले, पण त्याचा दोष समितीस देता येणार नाही.

ती माझ्याकडे आली, कारण मी शेजारी राहतो. शेजारी वकील नसेल त्याने काय करावे? १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, बालकांना आणि अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याची सोय केली आहे. ‘न्यायालय’ या शब्दाच्या त्या कायद्यातील व्याख्येत, न्यायनिवाड्यासारखे काम करणाऱ्या कायदेशीर अधिकारमंडळांचाही समावेश आहे. म्हणजे विद्यापीठाच्या समितीपुढील प्रकरणातही मदत मागण्यास जागा आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. आमच्याकडील ठाकूर-कातकरी वाड्यांतून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांना हा हक्क आहे, आणि त्यांतील एकही मुलगा नोटीस घेऊन त्या दाराशी आलेला मी पाहिला नाही. कायदा शिकलेला मनुष्य खेड्यात पाय रोवून बसला तर काय करू शकतो, हे या तालुक्याने माथेरानच्या भाई कोतवालांच्या रूपाने पाहिले आहे. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते गोळीस बळी पडले. एवढे मोठे काम आज कोणी मागत नाही. कॉलेजच्या सूचनाफलकावर तो पाच आकडी क्रमांक लावला, तरी पुष्कळ झाले.

त्या छापील नमुन्याबद्दल मी महाविद्यालयास एक पत्र लिहिले. सही घेण्यापूर्वी तो विद्यार्थ्यास वाचून दाखवावा, कबुलीचे वाक्य काढून केवळ ‘माझ्याजवळ अमुक वस्तू सापडली’ एवढेच ठेवावे आणि एक प्रत विद्यार्थ्यास द्यावी, अशी तीन मागणी केली. नमुना विद्यापीठाचा आहे, महाविद्यालयास त्यात बदल करता येत नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. आता विद्यापीठास लिहिले आहे.